ओवरीतले बुवा

या, असे पुढे या. मागे खांबाला टेकून बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि तो चढवायची ताकद आता राहिली नाही. जन्मभर मी कीर्तनात पेटी धरली. बोलायचं काम बुवांचं, माझं काम सूर धरून ठेवायचं. आज उलटं आहे. आज आख्यान मी लावतो, तुम्ही नुसतं 'हं' म्हणत राहा. पूर्वरंग नको, निरूपण नको. एका तसबिरीची गोष्ट आहे. तिच्यात माणूस शोधता शोधता आमचं सगळं वेळशेत गाव कसं हैराण झालं, ते ऐका.

राजापूरची एसटी तिठ्यावर थांबली तेव्हा मी आणि बापू रिसबूड आधीच येऊन उभे होतो. माघातली सकाळ होती. कंडक्टर टपावर चढला आणि गोणपाटात शिवलेली, छातीइतकी उंच अशी एक चपटी वस्तू दोरीनं खाली सोडू लागला.

"पोंक्षे कोण? तुमचा दरवाजा आलाय."

"दरवाजा नव्हे हो," बापू म्हणाला. "बुवा आहेत."

"मग टपावर कशाला घातलेत? आत बसवायचे. उन्हानं काळवंडले असतील."

बापू आमच्याकडे तबल्याला असे. त्याची जीभ बोटांपेक्षा चपळ. ती वस्तू दोघांनी डोक्यावर घेतली आणि घाटीनं खाली उतरू लागलो, तर पुढून त्याचं चालूच. "नाना, हयातीत बुवा एवढे हलके नव्हते रे. खोतांकडचे मोदक सगळे उतरले वाटतं."

बुवा म्हणजे त्र्यंबकबुवा हर्डीकर. दर माघात आमच्या लक्ष्मीनारायणाच्या उत्सवात ते कीर्तनाला उभे राहायचे. काय सांगू तुम्हाला. नमनाला त्यांनी पहिला सूर लावला की देवळाच्या कौलांवरचे पारवे उडायचे थांबत, असं आम्ही म्हणत असू. बुवा द्रौपदीचा धावा करत तेव्हा माझ्या पेटीच्या पट्ट्या मला दिसेनाशा होत. असे बुवा श्रावणात त्यांच्या गावी वारले. उत्सव समितीनं ठरवलं की त्यांची तसबीर सभामंडपात लावायची. पण आणायची कुठून? बुवांनी फोटो कधी काढूच दिला नव्हता. कोणी कॅमेरा पुढे केला की उपरणं तोंडावर घ्यायचे. "मूर्तीचा काढा रे. मी तिचा निरोप्या. निरोप्याचा फोटो कोण ठेवतं?"

तेव्हा आठवणीतून काढणारा चितारी हवा होता. आणि बुवांना पाहिलेला चितारी आमच्या माहितीत एकच. माझा मेव्हणा, दिगंबर.

सुभद्रा, म्हणजे माझी बायको, लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिच्यासोबत पाठराखीण म्हणून यायला माहेरी बाईमाणूस उरलं नव्हतं. आई वारलेली. म्हणून हा एवढासा भाऊ तिच्या शालूचं टोक धरून आला. चार दिवसांनी परत जायचा तो गेलाच नाही. आम्हाला मूलबाळ झालं नाही, त्यामुळे तो जास्तच लाडका झाला, असंही नाही. तो होता म्हणून ते कमी वाटलं नाही, एवढंच.

मिसरूड फुटलं त्या वर्षी उत्सवासाठी दिगूनं देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर दशावतार रंगवले. पहिलाच मासा त्यानं त्रिकोणांचा केला. समितीचे अध्यक्ष आबा खोत सकाळी काठी टेकत आले. बराच वेळ बघितलं. "हा मत्स्यावतार आहे की करंजी?" म्हणाले, आणि दुपारपर्यंत भिंतीवर चुना फिरला. दिगू समोर उभा राहून चुन्याचा शेवटचा हात पडेपर्यंत बघत होता. संध्याकाळच्या एसटीनं गेला तो मुंबईलाच. चित्रकलेच्या शाळेत शिकला, नाव मिळवलं, पण वेळशेतात पाऊल टाकलं नाही. सुभद्रा दर माघाआधी निरोप धाडायची. उत्तर यायचं, "बघू, अक्का."

दिवाळीआधी माझ्या दुकानाच्या मालासाठी मी मुंबईला गेलो तेव्हा गिरगावात त्याच्या खोलीवर गेलो होतो. खोलीभर तेलाचा वास. मी समितीचं म्हणणं सांगितलं.

"बुवांना काढीन, भावोजी," तो कुंचला पुसत म्हणाला. "पण तिकडे ये म्हणाल तर नाही."

"अक्का वाट बघते रे."

त्यानं कुंचला पुन्हा पुसला. स्वच्छच होता तो. "चित्र देवळात लागलं तर येईन. बघायला म्हणून येईन. नाही लागलं तर मला कळवूसुद्धा नका."

घरी येऊन मी हे सुभद्रेला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "म्हणजे लागलं की येणार," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची त्याची उशी अंगणात उन्हाला पडलेली मी पाहिली.

तर असे बुवा आमच्या पडवीत आले. समितीची माणसं जमली. आबा खोत झोपाळ्यावर बसले. बायका माजघराच्या दाराआड. मी दाभणानं गोणपाटाची शिवण उसवली, आतला कागद काढला आणि तसबीर भिंतीला टेकून ठेवली. जवसाच्या तेलाचा वास पडवीभर पसरला.

सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

आता मी तुम्हाला काय दिसलं ते सांगतो. शंकरपाळ्यासारखे तिरके चौकोन, एकाला एक लागून, वरपासून खालपर्यंत. मधे कुठे त्रिकोण, कुठे अर्धं वर्तुळ. रंग सगळे हलके. ताकासारखा पांढरा, वाळल्या गुलाबाच्या पाकळीसारखा गुलाबी, राखेत मिसळलेला निळा, सुपारीचा तपकिरी. कडा अशा, की एक रंग कुठे संपला आणि दुसरा कुठे लागला ते कळू नये. बघायला वाईट नव्हतं. डोळ्याला गार वाटत होतं. पण नाक नाही, डोळे नाहीत, पगडी नाही. बुवा नाहीत.

"उलटं ठेवलंय का बघा," कोणीतरी म्हणालं.

आम्ही उलटं करून बघितलं. मग आडवं. आडवं असताना बापू म्हणाला, "असं जरा पतंगाच्या दुकानासारखं दिसतंय." परत सुलटं केलं.

"हे निळं काय?"

"समुद्र असेल."

"बुवांना पोहता येत नव्हतं."

हसू झालं, पण आबा हसले नाहीत. झोपाळा थांबवून ते बसले होते. "नाना," ते म्हणाले, "तुझ्या मेव्हण्यानं चुन्याचं उट्टं काढलं."

"तसा नाही हो तो, आबा."

"मग हे काय आहे, तूच सांग. तू त्यांच्या पायाशी बसून पेटी वाजवलीस. यात बुवा कुठे आहेत?"

मी बघत राहिलो. खोटं कसं बोलू? मलाही सापडत नव्हते.

आबांचा आवाज उतरला. "दरवर्षी मी त्यांचे पाय धुतले रे. तसबीर लागली की रोज सकाळी दर्शनाला आल्यावर त्यांचं तोंड दिसेल, एवढीच माझी इच्छा होती." ते उठले. "सोमवारच्या गाडीनं हे परत धाड. सभामंडपात लागायचं नाही. सगळ्यांचं मत आहे ना?"

सगळ्यांचं होतं. सगळे गेले. बापू पायरीवरून वळून म्हणाला, "नाना, वाईट वाटून घेऊ नको. एखाद्या वेळेस मागच्या बाजूला असतील." त्याचा स्वर मात्र चेष्टेचा नव्हता.

सुभद्रा मग बाहेर आली. पदराला हात पुसत आली आणि थांबली. मी म्हटलं, "अगं, ऐकलंस ना? आता दिगू..."

तिनं हातानं मला गप्प केलं. ती चित्राच्या समोर गेली नाही. उजव्या अंगाला सरली, थोडी खाली बसल्यासारखी झाली, मान कलती केली. आणि तिच्या तोंडावर हसू आलं. मला ते हसू ओळखीचं नव्हतं.

"बुवा बसलेत," ती म्हणाली.

"कुठे?"

"मध्यंतर झालंय. पूर्वरंग संपला. हा बापूभावजींचा हात, हार घालतायत. केवढा जाड काढलाय बघा. बुवांनी मान खाली केलीय, हा त्यांचा खांदा. हे उपरण्याचं टोक. ते नेहमी डावीकडेच घसरायचं." तिचं बोट तुकड्यातुकड्यावरून चालत होतं, वाचत असल्यासारखं. "ही समई. आणि हे तुम्ही."

"मी?"

"हा तपकिरी तुकडा. पेटीचा भाता आणि तुमचं कोपर."

मी त्या तुकड्याकडे बघत राहिलो. सुपारीच्या रंगाचा तो त्रिकोण होता.

"तुला कसं कळलं?"

ती आत गेली, डोक्यावरून पदर घेतला आणि मागच्या दारानं बाहेर पडली. थोड्या वेळानं परत आली ती सोबत बायकांना घेऊन. पुढे आबांच्या मातोश्री, थोरल्या काकू. कमरेत वाकलेल्या, पण नजर घारीची. त्यांच्यामागे आणखी चारपाच जणी. त्या पडवीत आल्या, चित्राच्या उजव्या अंगाला गेल्या, आणि एकेक करून खाली बसल्या.

"अगो बाई," थोरल्या काकू म्हणाल्या. "त्र्यंबक."

"उपरणं बघा काकू, घसरलंच."

"घसरायचंच. सरळ करायला कोणी नव्हतं मागे."

"आणि हा बुक्का लावतायत."

"बुक्का कुठला, हार आहे तो."

"हार झाला की बुक्का. हात खाली येतोय बघ."

त्या भांडत होत्या, हसत होत्या. एकीनं पदर डोळ्याला लावला. मी खांबाशी उभा. त्या साऱ्या जणींना जे दिसत होतं, ते मला दिसत नव्हतं, आणि बुवांच्या पायाशी बसणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर सुभद्रा म्हणाली, "देवळात चला जरा."

देवळात कोणी नव्हतं. मी नेहमीप्रमाणे महाद्वाराकडे वळलो. ती म्हणाली, "तिकडून नाही. इकडून या."

आमच्या देवळाला मागून एक ठेंगणं दार आहे. ते बायकांच्या ओवरीत उघडतं. ओवरी आणि सभामंडप यांच्यामधे तेव्हा लाकडी जाळी होती. बायका त्या दारानं यायच्या, जाळीमागे बसून कीर्तन ऐकायच्या, आरती झाली की त्याच दारानं जायच्या. हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे, देवळाला कळस आहे हे जसं माहीत असतं तसं. त्या दारातून मी कधी आत गेलो नव्हतो. वाकून गेलो तरी डोकं आपटलंच.

"बसा," ती म्हणाली. "इतकं ताठ नाही. मांडीवर पोर असलं की बाई जशी बसते तसं. हां. आता बघा."

मी जाळीला डोळा लावला.

शंकरपाळ्यासारखे तिरके चौकोन. एकाला एक लागून. एकात समईचा तुकडा, एकात खांबाची कड, एकात नुसती भिंत. डोळ्याजवळचं लाकूड पसरट, धुरकट दिसत होतं, आणि त्यात पलीकडचे सगळे रंग दुधात कालवल्यासारखे हलके झाले होते. कीर्तनकार उभा राहतो ती जागा समोर होती. माझी पेटी तिच्या बाजूला कापडाखाली झाकलेली. तिचा एक कोपरा मला दिसला. सुपारीच्या रंगाचा.

मी जाळीवरून डोळा काढला.

"मग बुवांचा चेहरा?" मी विचारलं.

"तुकड्यातुकड्यानं. कधी हनुवटी, कधी गंध. मान हलवली की एक डोळा. सगळा मिळून कधी नाही."

"पाया पडायला यायचात की शेवटी."

"पाया पडताना पाय दिसतात."

"थोरल्या काकूंकडे तर जेवायला असायचे."

"त्यांना विचारलं मी. म्हणाल्या, वाढताना पानाकडे बघायचं असतं, तोंडाकडे कोण बघतं?" ती जाळीच्या पट्टीवरून बोट फिरवत होती. ती पट्टी बोटांनी गुळगुळीत झाली होती. "तुम्ही घरी येऊन सांगायचात, आज धाव्याच्या वेळी बुवांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही म्हणायचो, आलं असेल."

पलीकडे गाभाऱ्यात गुरवानं काहीतरी हलवलं, घंटेचा अर्धा नाद झाला.

"दिगू लहान असताना इथे माझ्या मांडीवर बसायचा," ती म्हणाली. "मोठा झाला, पुढे पुरुषांत बसायला लागला. मग घरी आला की मला चुलीपाशी तोंडं करून दाखवायचा. अक्का, बुवा कंस झाले तेव्हा भुवया अशा. अक्का, यशोदेच्या वेळी ओठ असे. सगळं कीर्तन परत. तो गेल्यापासून मी नुसता आवाजच ऐकला बघा."

मी पेटीवाला माणूस. बुवांच्या श्वासाश्वासाची मला खबर. घरी येऊन एकदा तोंड करून दाखवावं, हे मला सुचलं नव्हतं, आणि तिनं ते कधी मागितलंही नव्हतं. मग ती म्हणाली, "चित्र परत जायचं नाही."

"समितीचा ठराव झालाय गं."

"कशाचा?"

"सभामंडपात लावायचं नाही, असा."

"हो ना," सुभद्रा म्हणाली. "सभामंडपात."

रविवारी सकाळी आबा पूजेला आले तेव्हा ओवरीतून ठोकाठोकीचा आवाज येत होता. मी सुभद्रेबरोबर बाहेर मागच्या दाराशी होतो. आत बायका. आबा फेरा घालून मागे आले.

"नाना, काय चाललंय?"

मी दाराकडे बोट केलं. आतून थोरल्या काकूंचा आवाज आला, "तसबीर लावतोय रे."

"आई, ठराव झालाय."

"तुमचा ठराव सभामंडपाचा. ओवरीत तुमच्यापैकी कोण कधी आलंय?"

आबा ठेंगण्या दारापाशी उभे राहिले. आत यायचं तर वाकावं लागणार होतं. काठी त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. आत बघितलं असावं, नसावंही. मग म्हणाले, "खिळा जाड घ्या. जड आहे ते." आणि देवदर्शन न घेता घरी गेले.

त्याच दिवशी मी राजापूरला जाऊन तार केली. चित्र लागलं. ये.

उत्सव सुरू झाला. सुभद्रा रोज सकाळच्या एसटीला तिठ्यावर जायची. जाताना काहीतरी निमित्त सांगायची. नारळ सांगितलेत, कुणाचा निरोप आहे. कंडक्टरला आता ती ओळखीची झाली. "काय वहिनी, बुवा परत धाडायचेत का?" ती म्हणायची, "नाही हो, यायचेत." गाडी रिकामी व्हायची, पुढे जायची. ती घरी येऊन कामाला लागायची. शेवटच्या दिवशी ती गेलीच नाही. "सकाळची गाडी उशिरा येते हल्ली," एवढंच म्हणाली, आणि उशी माळ्यावर नेऊन ठेवली.

त्या दुपारी कीर्तनाला नवे बुवा उभे होते. तरुण होते, आवाज गोड होता, गजेंद्रमोक्ष लावला होता. सभामंडप भरलेला. आबा पहिल्या रांगेत. मी पेटीवर, बापू तबल्यावर. उत्तररंग चढत चालला होता. मगरीनं पाय धरला होता आणि हत्ती सोंड वर करून कमळ शोधत होता, तेव्हा महाद्वारात मला दिगू दिसला.

अंगानं वाळला होता. चष्मा लागला होता. खांद्याला झोळी. कोणीतरी त्याला सतरंजीवर जागा दाखवली, पण तो बसला नाही. तो भिंती बघत होता. समोरची भिंत, डावी भिंत, खांबांमागची. सभामंडपाच्या भिंती तुम्ही बघालच. घड्याळ आहे, उत्सवाची पाटी आहे. बाकी काही नाही.

त्याच्या तोंडावर काय आलं ते मी बघितलं. आपल्याला खोटं सांगून बोलावलं, असं त्याला वाटलं. त्यानं झोळी सारखी केली आणि वळला.

माझे हात पेटीवर. कीर्तन चालू असताना साथीदार उठत नाही, हाकही मारत नाही. ही आमची रीत लहानपणापासून अंगात मुरलेली. बापूनं पण त्याला बघितलं होतं. त्याचा ठेका एक क्षण लंगडला. बुवांनी मागे वळून बघितलं. दिगू पायरीवर पोचला होता.

तेव्हा जाळीतलं दार वाजलं.

जाळीला एक अरुंद दार होतं, केर काढणाऱ्या बाईसाठी. उत्सवात ते उघडलेलं कोणी पाहिलं नव्हतं. ते उघडलं आणि सुभद्रा सभामंडपात आली. पदर खांद्यावर होता. तो डोक्यावर घ्यायचं तिला भान नव्हतं. पुरुषांच्या रांगांमधून, गुडघ्यांवरून, उपरण्यांवरून, कोणाकडे न बघता ती सरळ चालत गेली.

"दिगू."

तो थांबला.

पेटीचा सूर कधी सुटला ते मला कळलं नाही. बुवांनी वर धरलेली चिपळी तशीच राहिली. सुभद्रेनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बघत राहिली. कपाळ, डोळे, हनुवटी. तो काही बोलायला गेला.

"हलू नको," ती म्हणाली. "बघू दे."

मग तिनं त्याचं मनगट धरलं. बाहेर नेलं नाही. आली त्याच वाटेनं, भरल्या सभामंडपातून, त्याला घेऊन जाळीच्या दाराकडे निघाली. एवढा मोठा पुरुष बायकांच्या ओवरीत. कोणी खाकरलं, कोणी आबांकडे बघितलं. आबांचे पाय वाटेत होते. त्यांनी ते जवळ ओढून घेतले आणि समोर बघत म्हणाले, "चालू द्या, बुवा. हत्ती पाण्यात उभा आहे."

दिगू वाकला, आत गेला. दार लागलं. मी पेटीवर हात ठेवले.

वाजवता वाजवता मी जाळीकडे बघत होतो. या बाजूनं काही दिसत नसे, तुम्हाला सांगतो. नुसते काळे चौकोन. आत तो चित्रासमोर उभा राहिला की तिच्याशेजारी बसला, ती हसली की रडली, मला कधी कळलं नाही. मी विचारलंही नाही. ते त्या दोघांचं होतं.

रात्री पंगतीत आबा त्याच्या पानासमोर येऊन उभे राहिले. "चेहरा का नाही रे काढलास? तुला येत होता. तू नकला करायचास त्यांच्या."

"येतो अजून," दिगू म्हणाला. "पण काढला असता तर अक्काला ओळखू आला नसता."

आबांनी त्याच्या पानात स्वतःच्या हातानं एक जिलबी वाढली आणि पुढे गेले.

तो आठवडाभर राहिला. पुढे अधूनमधून येत असे. मग परदेशी गेला, तिकडेच राहिला. सुभद्रा जाऊन आता बरीच वर्षं झाली. जाळी समितीनं काढून टाकली, बायका आता पुढे बसतात. कीर्तनकार बाईसुद्धा उभी राहते, आणि काय गाते, मी बसल्या जागी डोलतो. तसबीर मात्र ओवरीतच आहे. लांबून लोक बघायला येतात, मोठी नावं घेतात.

संध्याकाळी मी एकटाच तिथे जाऊन बसतो. उजव्या अंगाला, जरा खाली. आता मला सगळे सापडतात. बुवा, बापूचा हात, समई, माझं कोपर. मी तिला शोधतो. इतकी वर्षं शोधतोय. ती त्यात नाही. कशी असेल? ते सगळं तर ती बघत होती.

तुम्ही उद्या देवळात जाणार म्हणालात म्हणून एवढं सांगितलं. ओवरीत जा, वाकून जा, दार ठेंगणं आहे. चित्राच्या उजव्या अंगाला बसा. बुवा दिसले तर आनंद आहे, नाही दिसले तरी चालेल. पण तिथून बघत बसलेली एक बाई होती, तिची आठवण काढा. सुभद्रा तिचं नाव. मनात एकदा घ्या, म्हणजे झालं.